दिसत नाही, पण आहे कुठे? टेबलावरचं लपणं आणि शोधणं, पायरीपायरीने

"गॉब्लिन त्या झुडपात शिरला ना? मग मी झुडपात बाण मारते."
"पण तो तुला दिसत नाहीये."
"दिसत नाहीये, पण शिरताना तर पाहिलाय मी!"

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी), म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवायचा आणि फासे टाकायचा खेळ, खेळायला नव्याने बसलेल्या ग्रुपमध्ये हा वाद पहिल्या दोन-तीन सेशनमध्ये हमखास होतो. गंमत म्हणजे यात दोघांचंही बरोबर असतं. गॉब्लिन, म्हणजे खेळातला छोटा दुष्ट प्राणी, दिसत नाही हे खरं, आणि तो कुठे आहे हे ठाऊक आहे हेही खरं. न दिसणं आणि ठावठिकाणा नसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एवढं एकदा पक्कं झालं की स्टेल्थचे, म्हणजे लपण्याचे, नियम वाटतात तितके किचकट उरत नाहीत. हा लेख मुख्यतः नव्या डीएमसाठी (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आहे, पण 'रोग' (चोरटं पात्र) किंवा रेंजर (रानात वावरणारं पात्र) घेऊन बसलेल्या खेळाडूलाही उपयोगी पडेल.

पायरी १ : कोणतं पुस्तक, ते आधी ठरवा

पाचव्या आवृत्तीचे नियम २०१४ साली आले आणि २०२४ मध्ये त्यांची सुधारित पुस्तकं निघाली. लपण्याचे नियम या दोन्हींत बरेच वेगळे आहेत. एकाच टेबलावर एकाने जुनं वाचलेलं आणि दुसऱ्याने नवं वाचलेलं असेल, तर भांडण ठरलेलंच. पुस्तक विकत घ्यायचं नसेल तरी अडत नाही. २०१४ च्या नियमांचा गाभा जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत मिळतो, आणि २०२५ मध्ये नव्या नियमांचाही तसाच मोफत दस्तऐवज आला. मी दोन्हींचं सांगणार आहे. तुम्ही एक निवडा आणि त्यालाच धरून राहा.

पायरी २ : प्रत्येक शत्रूबद्दल दोन प्रश्न विचारा

तो दिसतो का? आणि तो कुठे आहे ते माहीत आहे का?

दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर तो उघड्यावर आहे, नेहमीसारखं खेळा. पहिल्याचं 'नाही' पण दुसऱ्याचं 'हो' असेल, तर तो दृष्टीआड आहे पण त्याची चाहूल लागते आहे. झुडपातला तो गॉब्लिन या जातीचा. अदृश्य झालेला पण धापा टाकणारा जादूगारही इथेच येतो. दोन्हींचं 'नाही' असेल तर तो खरोखर लपलेला. याखेरीज चौथी अवस्था म्हणजे कुणी आहे याचीच कल्पना नसणं. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत या चार अवस्थांना चार नावंच दिली आहेत: ऑब्झर्व्ह्ड, हिडन, अनडिटेक्टेड, अननोटिस्ड. डी अँड डीमध्ये अशी सुटसुटीत नावं नाहीत, म्हणून मी इनिशिएटिव्हच्या (लढाईत कुणाची पाळी कधी, त्या क्रमाच्या) यादीत नावापुढे छोटी खूण करते: उघडा असेल तर टिंब, चाहूल लागत असेल तर कानाचं चित्र, लपलेला असेल तर फुली. दोन सेकंदांचं काम आहे, पण त्याने अर्धे वाद मिटतात.

जुन्या काळी हा फरक फाशांतच होता. १९७५ मध्ये थीफ हा क्लास (पात्राचा प्रकार) आला तेव्हा सावलीत लपणं आणि आवाज न करता चालणं यांचे टक्के वेगवेगळे असायचे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीतही 'हाइड' आणि 'मूव्ह सायलेंटली' ही दोन कौशल्यं होती. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत दोन्ही मिळून एकटं स्टेल्थ झालं. फासे टाकणं त्यामुळे सोपं झालं, पण डोळा आणि कान यांची फारकत मनात ठेवायची जबाबदारी डीएमवर आली.

पायरी ३ : उजेड किती, आडोसा कसला

खोलीचं वर्णन करतानाच हे सांगून टाका. मागाहून "अरे हो, इथे अंधार होता" म्हणणं खेळाडूंवर अन्याय आहे.

अंधुक उजेड, विरळ धुकं, साधारण झाडोरा असेल तर डोळ्यांनी शोधण्याच्या पर्सेप्शनवर (चाहूल टिपण्याच्या कौशल्यावर) दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा, म्हणजेच डिसअ‍ॅडव्हान्टेज. मिट्ट काळोख, दाट धुकं, गच्च झाडी असेल तर तिथलं काही दिसतच नाही. पाहणारा त्या जागेपुरता आंधळाच. भिंत किंवा बंद दार असेल तर गोष्टच वेगळी, कारण पूर्ण आड असलेल्यावर थेट बाण मारताच येत नाही. झुडूप नजर अडवतं, बाण अडवत नाही. मघाचा वाद इथेच सुटतो.

डार्कव्हिजनबद्दल (काही पात्रांच्या अंधारात पाहण्याच्या शक्तीबद्दल) मात्र जवळजवळ सगळेच चुकतात. डार्कव्हिजन म्हणजे अंधारात लख्ख दिसणं नव्हे. ठरलेल्या अंतरापर्यंत, बहुतेक वेळा ६० फूट, काळोख त्यांना अंधुक उजेडासारखा दिसतो, तोही करड्या छटांत. म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज आहेच. पॅसिव्ह स्कोअरवर (फासा न टाकता धरायच्या आकड्यावर) डिसअ‍ॅडव्हान्टेजचे ५ वजा होतात. २०१४ च्या पुस्तकातल्या गॉब्लिनचं पॅसिव्ह पर्सेप्शन ९. मशाल न लावता गुहेत पहारा देणाऱ्या गॉब्लिनचं झालं ४! म्हणून शहाणे गॉब्लिन पहाऱ्याच्या जागी दिवा ठेवतील, आणि तो दिवा विझवणं ही खेळाडूंची पहिली चाल असू शकेल.

पायरी ४ : लपता येईल का, हे फाशाआधी ठरवा

२०१४ चा नियम: जो तुम्हाला स्पष्ट पाहू शकतो त्याच्यापासून लपता येत नाही, आणि परिस्थिती लपण्याजोगी आहे की नाही हे डीएम ठरवतो. २०२४ चा नियम जास्त नेमका: दाट अंधार-धुक्यात असायला हवं किंवा निदान तीन-चतुर्थांश आडोसा हवा, आणि कुठल्याही शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात नसावं. त्यानंतर लपण्याची कृती, म्हणजे हाइड ॲक्शन.

नुसता अंधुक उजेड सहसा पुरत नाही. काही वंशांच्या पात्रांना मात्र खास सवलत असते. २०१४ मधला लाइटफुट हाफलिंग आपल्याहून एक आकार मोठ्या सोबत्याच्या मागेही लपू शकतो, आणि वुड एल्फला पाऊस, धुकं, पालवी एवढं पुरतं. तुमच्या टेबलावर असं कॅरेक्टर असेल तर त्याचा तो गुण वाया जाऊ देऊ नका. बाकीच्यांना जिथे 'नाही' म्हणता, तिथे त्याला मुद्दाम 'हो' म्हणा.

खेळाडूने "मी लपते" म्हटलं की मी एकच विचारते: "कशाच्या आड?" उत्तर आलं तर फासा, नाही आलं तर आधी आडोसा शोधायचा.

पायरी ५ : फासा, आणि कुणाशी तुलना

लपणारा डेक्स्टेरिटी (स्टेल्थ), म्हणजे चपळाईचा फासा, टाकतो. २०१४ मध्ये तो आकडा समोरच्यांच्या पॅसिव्ह पर्सेप्शनशी ताडून बघायचा. कुणी मुद्दाम शोधत असेल तर तो विस्डम (पर्सेप्शन) टाकतो आणि दोन आकड्यांची टक्कर होते. २०२४ मध्ये आधी किमान १५ यावे लागतात. आले की तुम्हाला 'इनव्हिजिबल' ही अवस्था मिळते आणि तुमचा आकडा हा तुम्हाला शोधणाऱ्यासाठी डीसी (गाठायचा किमान आकडा) ठरतो.

पॅसिव्ह पर्सेप्शन म्हणजे १० अधिक विस्डमचा मॉडिफायर (त्या गुणातून मिळणारी भर), आणि कौशल्य असेल तर प्रोफिशियन्सी बोनस (कसबाची भर). विस्डम १४ असलेल्या पहिल्या लेव्हलच्या क्लेरिककडे पर्सेप्शन असेल तर १० + २ + २ = १४. सगळ्या कॅरेक्टरचे हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून डीएमपुढच्या पुठ्ठ्याच्या स्क्रीनच्या आतल्या बाजूला चिकटवा. ऐन वेळी "तुझं पॅसिव्ह किती?" विचारलंत की टेबलावरचे सगळे तलवारी उपसून बसतात.

एक सवय मात्र जरूर लावून घ्या. खेळाडूने "मी दबकत जाते" म्हटल्याबरोबर फासा मागू नका. तिला जाऊ द्या, आणि कुणाला चाहूल लागू शकेल असा क्षण आला की तिथे मागा. आधीच टाकला आणि ३ आला, तर खेळाडू पुढे जायलाच तयार होत नाही, किंवा "परत टाकू का?" सुरू होतं. एकदा टाकलेला आकडा परिस्थिती बदलेपर्यंत तोच.

पायरी ६ : लपणं कधी संपतं

२०२४ मध्ये यादीच आहे: कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केलात, शत्रूने शोधलं, हल्ल्याचा फासा टाकलात, किंवा मंत्र मोठ्याने म्हणावा लागणारं स्पेल टाकलंत की संपलं. २०१४ मध्ये आवाजाने जागा उघड होते, आणि बाण लागो वा चुको, हल्ला केला की कुठून आला ते कळतं.

आडोशातून निघून मोकळ्यावर आलात तर? २०१४ चं पुस्तक सांगतं की लढाईत सगळे सावध असतात, त्यामुळे जवळ आलात की सहसा दिसता. समोरचा दुसरीकडे गुंतला असेल तर डीएम सूट देऊ शकतो. २०२४ च्या शब्दांवरून बरीच चर्चा होते. माझ्या टेबलावर मी सरळ ठेवलंय: शत्रूच्या डोळ्यांसमोर भर उजेडात उभं राहिलात म्हणजे त्याने तुम्हाला शोधलं. पडद्यामागून धावत येऊन सुरा खुपसायचा असेल आणि पहारेकऱ्याची पाठ असेल, तर खुशाल या.

पायरी ७ : न दिसणाऱ्यावर वार, म्हणजे आंधळी कोशिंबीर

लहानपणी डोळ्यांवर रुमाल बांधून आपण काय करायचो? पावलं ऐकायची, अंदाजाने हात टाकायचा. अगदी तेच.

जागा माहीत असेल तर वार करता येतो, डिसअ‍ॅडव्हान्टेजने. जागा माहीत नसेल तर खेळाडूने नकाशावरचा एक चौकोन दाखवायचा. तो चुकीचा असेल तर वार आपोआप फुकट. पण फासा तरीही टाकू द्यायचा, आणि डीएमने फक्त "चुकला" म्हणायचं; चौकोन रिकामा होता की नेम चुकला ते सांगायचं नाही. इथे खेळाडूंना वाटू शकतं की डीएम मनातल्या मनात शत्रूला हलवतोय. त्यावर माझा उपाय: शत्रूचा चौकोन एका चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायचा. राउंड संपला की उघडायची गरज नाही, पण लढाई संपल्यावर सगळ्या चिठ्ठ्या क्रमाने उघडून दाखवायच्या. त्या शेवटच्या पाच मिनिटांत काय आरडाओरडा होतो! "म्हणजे तो माझ्या शेजारीच होता!"

उलट बाजूने, ज्याला तुम्ही दिसत नाही त्याच्यावर तुमचा वार दोन फाशांतला मोठा आकडा घेऊन, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेजने. आणि दोघंही दाट धुक्यात असतील तर? अ‍ॅडव्हान्टेज आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज एकमेकांना खाऊन टाकतात आणि फासा साधा राहतो. नव्या लोकांना हे पटत नाही, पण नियम तसाच आहे. धुक्यातल्या लढाईची मजा नेम लागण्यात नाही, जागा ओळखण्यात आहे.

आणखी दोन गोष्टी लिहून ठेवा. दिसत नसलेला शत्रू शेजारून निघून गेला तर अपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावरचा जादा वार) मिळत नाही. आणि 'दिसणाऱ्या' लक्ष्यावरच चालणारी स्पेल्स, उदाहरणार्थ मॅजिक मिसाइल, इथे निकामी. फायरबॉलला असं बंधन नाही, त्याला जागा पुरते.

पायरी ८ : अदृश्य म्हणजे लपलेला नव्हे

इथे मी स्वतः मोठी चूक केली होती. पहिल्यांदा डीएम झाले तेव्हा धान्याच्या कोठारात एक इम्प ठेवला होता. इम्प हा मूठभर सैतान: २०१४ च्या पुस्तकात एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १३, हिट पॉइंट (जीव) १०, आणि तो हवं तेव्हा अदृश्य होतो. त्याने डंख मारला, दिसला, पुन्हा अदृश्य झाला. खेळाडूंनी विचारलं, "आता काय दिसतंय?" मी म्हणाले, "काहीच नाही." पुन्हा तेच, पुन्हा तेच. चाळीस मिनिटं चौघं जण हवेत तलवारी फिरवत बसले. एकाने मोबाइल काढला. दोष त्यांचा नव्हता. त्यांच्या हाती मी काही दिलंच नव्हतं.

नियम काय म्हणतो? अदृश्य झालेल्याला फक्त लपायचा प्रयत्न कधीही करता येतो. पण तो प्रयत्न म्हणजे वेगळी ॲक्शन आणि वेगळा फासा. तो केला नसेल तर आवाजावरून, मागे उरलेल्या खुणांवरून त्याची जागा कळते. माझ्या इम्पने अदृश्य होण्यात ॲक्शन खर्च केली होती, लपण्यात नाही. म्हणजे त्याची जागा मी प्रत्येक वेळी सांगायला हवी होती.

पुढच्या वेळी तेच कोठार पुन्हा खेळवलं. इम्प उडतो, त्यामुळे जमिनीवरच्या पिठात पावलं उमटणार नाहीत, हे मी आधीच लिहून ठेवलं. मग काय उरतं? पंखांची फडफड. तुळईवरून झरझर गळणारी धूळ. टांगलेल्या कंदिलाचं एकदम हेलकावणं. पोत्यांच्या थप्पीवर काहीतरी टेकल्याचा 'धप्प', आणि एका पोत्यातून सुरू झालेली गव्हाची बारीक धार. खेळाडूंपैकी एक ताडकन उठून म्हणाला, "पोत्यावर बसलाय!" त्याने मूठभर पीठ फेकलं. पीठ फेकण्याचा नियम पुस्तकात नाही. मी ठरवलं: चौकोन बरोबर असेल तर इम्पच्या पुढच्या टर्नपर्यंत त्याची आकृती दिसेल. चौकोन बरोबर होता.

मराठीत खेळताना आपल्याकडे इथे मोठं धन आहे, ते वापरा. सळसळ म्हटलं की वाळलेली पानं समोर येतात. खुडबुड म्हणजे कुणीतरी सामानात हात घालतंय. चुळबुळ म्हणजे कुणी अवघडून बसलंय. करकर म्हणजे लाकूड किंवा चामडं, खणखण म्हणजे धातू, डुबुक म्हणजे पाणी. "डावीकडून आवाज येतो" याऐवजी "डावीकडे चुळबुळ ऐकू येते" म्हटलंत की दिशा, अंतर आणि समोरच्याची मनःस्थिती, सगळंच एका शब्दात पोचतं. मी तर स्क्रीनच्या आत अशा पंधरा-वीस शब्दांची यादीच लावली आहे.

खेळाडूंनाही साधनं माहीत हवीत. फेअरी फायर हे पहिल्या लेव्हलचं स्पेल २० फुटांच्या घनात टाकतात. त्यात सापडलेला डेक्स्टेरिटी सेव्ह (बचावाचा फासा) चुकला की उजळून निघतो आणि त्याच्या अदृश्यपणाचा उपयोग उरत नाही. सी इनव्हिजिबिलिटी (अदृश्य ते दाखवणारं स्पेल) दुसऱ्या लेव्हलचं. आणि मॉन्स्टरकडे काय आहे तेही बघून ठेवा. २०१४ च्या पुस्तकात वटवाघळाला ब्लाइंडसाइट (डोळ्यांविना जाणण्याची शक्ती) आहे, त्याच्यापुढे अदृश्य होऊन फायदा नाही. मात्र ते बहिरं झालं तर ही शक्ती जाते. त्याच पुस्तकात लांडग्याला वास आणि आवाज यांवरच्या पर्सेप्शनला अ‍ॅडव्हान्टेज असतो, तेव्हा तिथे वाऱ्याची दिशा विचारणाऱ्या खेळाडूला दाद द्या.

पायरी ९ : अचानक हल्ला आणि सगळ्यांनी मिळून लपणं

२०१४ मध्ये लपणाऱ्या प्रत्येकाचा स्टेल्थ समोरच्या प्रत्येकाच्या पॅसिव्हशी ताडायचा. ज्याला कुणाचीच चाहूल लागली नाही तो चकित: पहिल्या टर्नमध्ये हालचाल नाही, ॲक्शन नाही. टोळीतला एक जरी त्याच्या कानावर आला तर तो चकित होत नाही. म्हणून प्लेट आर्मर घातलेला पॅलाडिन बरोबर घेऊन दबा धरणं अवघड जातं. त्या चिलखताने स्टेल्थला डिसअ‍ॅडव्हान्टेज येतो. ड्रुइड किंवा रेंजर असेल तर पास विदाउट ट्रेस टाका, ३० फुटांतल्या सोबत्यांना स्टेल्थवर १० जास्त मिळतात. २०२४ मध्ये चकित होणं सौम्य झालंय, फक्त इनिशिएटिव्हला डिसअ‍ॅडव्हान्टेज. नव्या डीएमला मी हाच नियम घ्या म्हणेन, कारण पूर्ण टर्न गेल्यामुळे लहान लेव्हलची पार्टी (खेळाडूंची टोळी) एका राउंडमध्ये आडवी होऊ शकते.

नुसतं पहाऱ्यावरून निसटायचं असेल तर ग्रुप चेक घ्या: निम्म्या किंवा जास्त जणांचं जमलं तर सगळ्यांचं जमलं.

पायरी १० : एका संध्याकाळचा सराव

सहा बाय सहा चौकोनांचं कोठार काढा, एक चौकोन ५ फुटांचा. मध्ये टांगलेला एक कंदील, भिंतीशी पोत्यांच्या दोन उंच थप्प्या, एका कोपऱ्यात माळ्यावर जाणारी शिडी. दोन गॉब्लिन पहाऱ्याला (२०१४ च्या पुस्तकातले: एसी १५, हिट पॉइंट ७, स्टेल्थ +६, पॅसिव्ह ९). बाहेर तिसऱ्या लेव्हलची रोग. डेक्स्टेरिटी १६, स्टेल्थमध्ये एक्स्पर्टीज (दुप्पट कसब), म्हणजे +७.

ती पोत्यांमागे सरकते. फाशावर ८, एकूण १५. गॉब्लिनना पत्ता नाही, आणि २०२४ च्या नियमानेही काठावर जमलं. ती बाण सोडते, अ‍ॅडव्हान्टेजने दोन फासे: १४ आणि ६. १४ अधिक तिच्या वाराची भर ५ म्हणजे १९, लागला. बाणाचा डी६ (सहा बाजूंचा फासा) अधिक ३, वर स्नीक अटॅकचे (लपून केलेल्या वाराचे) दोन डी६; पहिला गॉब्लिन बहुधा आडवा. आता दुसऱ्याला थप्पी कळली. दुसऱ्या लेव्हलपासून रोगला कनिंग ॲक्शन असते, त्यामुळे ती जादा कृतीने, म्हणजे बोनस ॲक्शनने लगेच पुन्हा लपू शकते. त्याच थप्पीमागे लपली तर मी लपू देते, पण गॉब्लिन वळसा घालून थप्पीच्या मागे येईल आणि आडोसाच संपेल. तिने आधी हालचाल करून दुसरी थप्पी गाठली, तर तो चुकीच्या जागी जाऊन पोचेल. हा फरक खेळाडूला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या.

मग बाजू बदला. आता गॉब्लिन लपणार. २०१४ च्या गॉब्लिनलाही बोनस ॲक्शनने लपता येतं. कंदील विझवा आणि मशाल नसलेल्या माणसाच्या कॅरेक्टरला आत पाठवा. चिठ्ठ्या तयार ठेवा, आवाजांची यादी समोर घ्या आणि पहिला आवाज गव्हाच्या दाण्यांवर पडलेल्या पावलाचा द्या.